पॅकेज बसत नाहीये? आधी नवं एन्व्हायर्नमेंट बनवा
पायथन पुन्हा पुन्हा काढून टाकू नका, त्याने काही साधत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'पायथन -एम व्हेन्व' वापरून नवं एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरती पॅकेजेसची वेगळी जागा) बनवा, ते चालू करा आणि नुसतं 'पिप' (पॅकेज बसवणारं साधन) न लिहिता 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' लिहा. पॅकेज टाकूनही 'मॉड्यूल सापडलं नाही' असं येतं, तेव्हा बहुतेक वेळा पिप एका पायथनचा आणि प्रोग्राम दुसऱ्याचा असतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- एररची फक्त शेवटची ओळ वाचणं. बिल्ड फसलं तर खरं कारण वर असतं. सी कंपायलर मागत असेल, तर तुमच्या पायथनसाठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) मिळालेलं नाही. एक आवृत्ती जुना पायथन घ्या, बहुतेक वेळा सुटेल.
- नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या 2.0 (2024) आवृत्तीवर जुनी पॅकेजेस चालवणं. 1.x साठी कंपाइल केलेली पॅकेजेस इम्पोर्टलाच कोसळतात. "नमपाय<2" टाका, अवतरणचिन्हांसकट. नाहीतर शेल (तुमच्या कमांड वाचणारा प्रोग्राम) '<' चा भलताच अर्थ लावतं.
- सुडो पिप, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारांनी पिप चालवणं. कधीच नाही.

विरार लोकलमध्ये हॉटस्पॉटवर सायपाय पॅकेज उतरवताना टाइमआउट आला, तर तो नेटचा दोष. घरी वायफायवर तीच कमांड परत द्या.