पहिले पान आपल्याच वर्गासाठी करावे

मॅडम, वेब डिझाइन कसे शिकावे, असे आपण विचारले होते. त्याची आणखी एखादी व्हिडिओमालिका पाहण्यापूर्वी आपण आपल्याच वर्गासाठी नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यावर एक वेबपान तयार करावे, असे मी सुचवेन. १८१७ ची लढाई, दोन छायाचित्रे आणि एक छोटी कालरेषा एवढा ऐवज पुरेसा आहे. आधी केवळ एचटीएमएलने, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या भाषेने, शीर्षके व परिच्छेद मांडावेत आणि ती रचना नीट बसल्याखेरीज सीएसएसला, म्हणजे रंग, आकार व अंतरे ठरवणाऱ्या भाषेला, हात लावू नये.

मराठी मजकुराची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. शाळेतील जुनी टिपणे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर ती चिकटवताच पानावर निरर्थक चिन्हे उमटतात. म्हणून ती प्रथम युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संगणकीय अक्षरसंकेतात, रूपांतरित करून घ्यावीत. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधील अंतर) वाढवल्यास शिरोरेषा तुटते (माझ्या पहिल्या पानावर मी हीच हौस केली होती), तर लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षरांच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडत नाहीत. पानाची रुंदी पडद्याच्या रुंदीशी जुळवणारा एचटीएमएलमधील व्ह्यूपोर्टचा टॅग विसरू नये, अन्यथा पालकांच्या मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसतील.

तयार पान विद्यार्थ्यांच्या हाती देऊन ते कोठे अडखळतात, हे केवळ पाहावे. मध्येच समजावून सांगण्याचा मोह आपल्यासारख्या शिक्षकांना आवरणे कठीण जाते.