शरीराशी घाई नको

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शरीराच्या वाटेने मनाचे उपचार करायला शिकायचं तू ठरवते आहेस, हे वाचून आनंद झाला. मानसशास्त्राचं एम. ए. चालू आहे, कथक लहानपणापासूनचं. दोन्ही एकत्र यावीत असं वाटणारच. पण ज्या शिबिरामुळे हे मनात आलं, त्याबद्दल आधी लिहिते.

डोळे मिटून बराच वेळ भराभर श्वास घ्यायला लावला, ओठांना मुंग्या आल्या, बोटं आखडली आणि मग रडू फुटलं, असं तू लिहितेस. ‘साठलेली ऊर्जा मोकळी झाली’ असं तुला सांगण्यात आलं. अगं, इतका जोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, आणि मग मुंग्या येतात, बोटं वळतात, डोकं हलकं होतं. हे कोणालाही होईल. तुझं रडू खरंच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण रडू आलं म्हणजे उपचार झाला, असं नव्हे. ज्याला आधीच जीव घाबरा होण्याचे झटके येतात, त्याच्या अंगात आपण तीच लक्षणं मुद्दाम उठवतो. शिबिर संपतं आणि तो रात्री घरी एकटा असतो. त्या रात्री त्याने कोणाला फोन करायचा, हे तिथे कोणी सांगितलं होतं का?

शरीरात साठलेलं असं मोकळं करण्याची ही ओढ जुनी आहे. फ्रॉइडच्या वर्तुळातला विल्हेल्म राइख हा या शाखेचा मूळ पुरुष. दडपलेल्या भावना स्नायूंच्या ताठरपणात चिलखतासारख्या बसून राहतात, हे त्याचं म्हणणं. माणूस काय बोलतो याबरोबर तो श्वास कसा रोखतो, जबडा कसा आवळतो, हे उपचारकाने पाहावं, ही त्याची देणगी मोठी आहे आणि ती मी आजही मानते. पुढे मात्र तो ‘ऑर्गोन’ नावाच्या वैश्विक ऊर्जेमागे लागला, ती साठवण्याच्या पेट्या बनवू लागला. अमेरिकेत न्यायालयाने त्यांवर बंदी घातली, ती मोडली म्हणून शिक्षा झाली आणि १९५७ साली तो तुरुंगातच वारला. त्याचा शिष्य अलेक्झांडर लोवेन याने गादीवर लाथा मारणं, ओरडणं, शरीर ताणून धरणं अशा पद्धती रुजवल्या. राग असा बाहेर काढला की तो कमी होतो, ही समजूत अशा पद्धतींमुळेही पसरली. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रयोग करून पाहिला: ज्याच्यावर राग आहे त्याला मनात आणून बॉक्सिंगच्या बॅगेवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, काहीच न करता बसून राहिलेल्यांपेक्षाही जास्त निघाला.

तुला गुरू शोधायचाच असेल तर मेरियन चेसपासून सुरुवात कर. ती नर्तकी होती, वॉशिंग्टनमध्ये नृत्य शिकवायची. १९४२ साली ती तिथल्या सेंट एलिझाबेथ्स या मोठ्या मनोरुग्णालयात काम करू लागली. महिनोन्‌महिने कोणाशी न बोललेले रुग्ण तिथे असत. चेस त्यांना नाच शिकवत नसे. सगळे गोलात उभे राहत. एखाद्याचा पाय नुसता हलला, तर ती हालचाल ती स्वतःच्या अंगात घेई आणि त्याच लयीत, त्याच वजनाने त्याला परत देई. नक्कल नव्हे, ‘तू जे करतो आहेस ते मला दिसलं’ एवढंच सांगणं. मग तीच हालचाल दुसरा उचलायचा, तिसरा उचलायचा. १९६६ मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा चेस पहिली अध्यक्ष झाली. तिच्या कामात स्फोट नाही, दुसऱ्याच्या अंगावर हुकूमत नाही. मला ते सगळ्यात अवघड वाटतं.

तुला ते अधिकच अवघड जाईल, कारण तुझी नजर कथकची आहे. हात कुठे पडला, सम चुकली का, हे तुला आधी दिसतं. इथे चूक असं काही नाही. आणि कृपा करून ‘खांदे वर म्हणजे भीती, पाठ दुखते म्हणजे जबाबदारीचं ओझं’ असले तक्ते वापरू नकोस. आपल्याकडे बायका छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात असं सांगत येतात. त्यामागे दुःख असू शकतं, थायरॉइड असू शकतो, रक्त कमी असू शकतं. आधी डॉक्टरकडे पाठव. मग विचार: ‘ही धडधड आत्ता आहे का? कशी आहे?’ आणि थांब. मानसशास्त्रज्ञ युजीन जेंडलिन यांनी शिकागोत उपचारांच्या ध्वनिफिती अभ्यासल्या, तेव्हा त्यांना आढळलं की जे लोक बोलता बोलता थबकतात, आत चाचपडत शब्द शोधतात, त्यांना उपचारांचा जास्त फायदा होतो. ते थबकणं तू मोडू नकोस.

पुराव्यांबद्दल प्रामाणिक राहा. फ्रँक रोरिश्ट आणि स्टेफान प्रीबे या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ साली लंडनमधल्या ४५ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरचा छोटा अभ्यास मांडला. शरीराधारित उपचारांनी त्यांचं मिटून जाणं, निरिच्छ होणं कमी झालं. मग मोठी चाचणी झाली, २७५ रुग्णांची. निम्म्यांना हा उपचार, निम्म्यांना पिलाटीसचा व्यायामवर्ग. २०१६ साली निकाल आला: सांगण्यासारखा फरक नाही. तोही त्यांनी स्वतःच छापला. मला या माणसांबद्दल आदर वाटतो. चेसच्या पद्धतीवर माझा जीव आहे, तरी नैराश्यावरच्या गोळ्या बंद करून नाचायला या, असं मी कोणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

आपल्या देशात पाहायचं तर कोलकाता संवेदचं काम पाहा. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली ती संस्था सुरू केली. मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर त्या नृत्य-हालचालींतून काम करतात, आणि त्यातल्याच काही मुली पुढे प्रशिक्षक झाल्या. ज्या शरीरावर दुसऱ्यांनी हक्क गाजवला, त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करावा लागतो. ‘स्पर्श केला तर चालेल?’ असं विचारूनही भागत नाही, कारण तुझ्यासमोर ‘नाही’ म्हणण्याची ताकद तिच्यात अजून आली आहे का, हे तुला ओळखता यायला हवं. सुरुवातीची काही वर्षं स्पर्श न करताच काम कर.

शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नकोस. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती वाट लांब आहे, पण नृत्य त्या पायावर उभं कर. कोणत्याही अभ्यासक्रमाला एवढंच विचार: प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास, माझ्या कामावर देखरेख कोणाची, आणि एखाद्याची तब्येत वर्गातच बिघडली तर तुम्ही काय करता? उत्तरं लेखी घे आणि मला पाठव, आपण मिळून वाचू.

तुझी,
ताई