शाळा सुटल्यानंतरची शाळा

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावते. यंदा तिला एका निवासी माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला. शाळेने तिला पहिल्या बाकावर जागा दिली आहे, परीक्षेत जादा वेळ मंजूर केला आहे आणि शिक्षकही समजूतदार आहेत. गुण चांगले पडतात; तरी दोन महिन्यांत ती अबोल झाली असून फोनवर ‘मला इथे नको’ एवढेच म्हणते. शाळेकडे आणखी काय मागावे? आणि सतत काही ना काही मागत राहिले, तर तिच्यावर ‘वेगळी’ असा शिक्का बसेल का?

उत्तर : शाळेने दिलेल्या सवलती मी दोनदा वाचल्या. त्यांतील प्रत्येक सवलत वर्गाच्या नाहीतर परीक्षेच्या दालनाच्या दाराशी संपते. मुले संध्याकाळी घरी जातात त्या शाळेत एवढे पुष्कळदा पुरते, कारण तिच्याकडे तोंड करून बोलायचे, हे घरच्यांना सांगावे लागत नाही. निवासी शाळेत मात्र वर्ग सुटल्यावर दिवसाचा मोठा भाग उरतो आणि मैत्री, रुसवेफुगवे, कोण कुणाच्या गटात, हे सारे त्याच भागात ठरते. गुण चांगले आणि मन उदास, या विसंगतीचे कारण बहुधा तिथेच सापडेल.

भोजनगृहापासून सुरुवात करा. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण ताटांचा खणखणाट आणि शेजारणीचे बोलणे यांतून नेमके बोलणे वेचून काढण्यात ते निरोगी कानाची बरोबरी करू शकत नाही. शिवाय बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे लांब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला झालेला विनोद तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचते ते फक्त इतरांचे हसणे. ओठांकडे पाहून ती उरलेले भरून काढत असेल, पण ‘पान’, ‘मान’ आणि ‘भान’ हे तिन्ही शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. असे अंदाज बांधत दिवसभर ऐकणे हे अंगमेहनतीइतकेच थकवणारे काम आहे, आणि संध्याकाळचा तो थकवा बाहेरून पाहणाऱ्याला शिष्टपणा वाटतो. म्हणून भिंतीलगतचे, चार-पाच मुली समोरासमोर बसतील असे छोटे टेबल मागा (तिला एकटीला बाजूला बसवणे मात्र नको), आणि संध्याकाळच्या अभ्यासिकेआधी यंत्रे काढून निवांत बसता येईल अशी एखादी शांत खोलीही मागा. अभ्यासिकेत आणि सभांमध्ये बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवायचा, आवाज थेट यंत्रात पोहोचवणारा बिनतारी माइक तिच्या यंत्रांना जोडता येतो का, हे तिच्या श्रवणतज्ज्ञांना विचारा.

रात्रीचा विचार तर शाळेने केलेलाच दिसत नाही. झोपताना यंत्रे काढावी लागतात. दिवे मालवल्यावर खोलीत ज्या गप्पा रंगतात, त्यांतून ती पूर्णपणे बाहेर पडते, कारण यंत्रे काढलेली असतात आणि अंधारात ओठही दिसत नाहीत. झोपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासासाठी एक मंद दिवा हा यावरचा उपाय हास्यास्पद वाटण्याइतका साधा आहे. दुसरी बाब गंभीर आहे : रात्री आगीची घंटा झाली, तर ती तिला ऐकू येणार नाही. लुकलुकणारा दिवा किंवा उशीखाली ठेवायचे, थरथरून जागे करणारे उपकरण, आणि त्याच्या जोडीला रात्रपाळीच्या एका ठरावीक व्यक्तीवर तिला उठवण्याची जबाबदारी, या गोष्टी लेखी मागा. खोलीतल्या मैत्रिणीवर हे काम सोपवून शाळेने मोकळे होऊ नये. बाकीच्या मागण्यांवर चर्चा होऊ शकते, या एका मागणीवर नाही.

आता शिक्क्याविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच मानला आहे (कलम २), आणि शिक्षणात अशी सोय मिळावी, असे कलम २४ मध्ये म्हटले आहे. तेव्हा मागताना संकोच करू नका. पण तुमची धास्ती अनाठायी आहे, असेही मी म्हणणार नाही. म्हणून जी सोय सर्वांसाठी करता येते, ती सर्वांसाठीच करून घ्यावी. तोंडी दिल्या जाणाऱ्या सूचना फळ्यावर लिहिल्या, तर त्या आंघोळीला गेलेल्या मुलीलाही कळतात, आणि मग ती सोय कुणा एकीची राहत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. इतक्या सविस्तर पत्रात मुलीला स्वतःला काय हवे आहे, याविषयी एकही वाक्य नाही. वरची यादी शाळेकडे नेण्याआधी तिच्यासमोर ठेवा. त्यातले काय मागायचे आणि खोलीतल्या मुलींना काय सांगायचे, हे तिला ठरवू द्या.

प्रश्न : मी मुलांच्या वसतिगृहात रेक्टर आहे. एक नवा विद्यार्थी रोज संध्याकाळी रडतो. घरी फोन केला की अधिकच रडतो. महिनाभर फोन बंद ठेवावा, असे माझे सहकारी सुचवतात. ते योग्य आहे का?

उत्तर : नाही. फोननंतर येणारे रडू फोनने निर्माण केलेले नसते, ते आधीपासून साचलेले असते. फोन सुरू ठेवा, पण त्याची वेळ बदला : झोपण्याच्या तोंडावर नको, खेळाच्या किंवा एखाद्या सामूहिक कामाच्या थोडा आधी असावी, म्हणजे फोन ठेवल्यावर त्याला रिकामे बसावे लागणार नाही. घरची ओढ रिकाम्या वेळातच जास्त छळते. ‘करमले नाही तर लगेच घेऊन जाऊ’ असे आश्वासन पालकांनी दिले असेल, तर ते देणे थांबवायला सांगा; त्याने मूल रुळण्याऐवजी सुटकेचे दिवस मोजत बसते. मात्र दोन-तीन आठवड्यांनंतरही जेवण-झोप सुधारली नाही, किंवा तो एखादी विशिष्ट खोली, स्नानगृह वा विशिष्ट मुले टाळत असेल, तर घरची आठवण हे कारण बाजूला ठेवून कुणी त्रास देते आहे का, याची चौकशी करा आणि त्याला समुपदेशकाकडे न्या. ही चौकशी इतर मुलांसमोर करू नका.