नीव, नियम आणि निवू

प्रश्न कर्वेनगरच्या एका आजोबांचा आहे. मुलगा आणि सून डब्लिनहून कायमचे पुण्याला राहायला आले. सून आयरिश, नात चार वर्षांची. नातीचं नाव नीव, पण रोमन लिपीत ते लिहितात एन-आय-ए-एम-एच. त्यामुळे बालवाडीतल्या बाई तिला ‘नियाम्ह’ म्हणतात, व्हॅनचे काका ‘नियम’ म्हणतात आणि शेजारच्या आजींनी ‘नियामत’ करून टाकलं आहे. आजोबा लिहितात, ‘‘एखादं सोपं टोपणनाव सुचवा. शिवाय टोपणनाव आणि लाडाचं नाव यांत फरक काय, असं सूनबाईंनी विचारलं. बँकेत जन्म गेला, मला काही धड सांगता आलं नाही.’’

आधी सूनबाईंचा प्रश्न घेते, कारण तो जास्त चांगला आहे.

आपल्याकडे माणसाचं एका नावात भागत नाही. बारशाला आत्या कानात सांगते ते पाळण्यातलं नाव. नक्षत्राच्या चरणावरून निघतं ते नावरस नाव; ते पत्रिका बाहेर काढेपर्यंत कुणाला आठवतही नाही. शाळेच्या दाखल्यावर असतं ते नाव मोठेपणी सह्या करायला लागतं. आणि दूध उतू जात असताना एका श्वासात तोंडातून निघतं ते हाकेचं नाव. लाडाचं नाव या हाकेच्या नावाचंच भावंड. टोपणनावाची गोष्ट जरा निराळी. टोपण म्हणजे झाकण, पेनाला असतं ते. ‘कुसुमाग्रज’ हे शिरवाडकरांचं टोपणनाव, ‘बालकवी’ हे ठोमऱ्यांचं. तिथे मूळ नाव मागे ठेवून दुसरं पुढे करायचं असतं. बोलताना आपण बंड्या आणि चिंगीलाही टोपणनावच म्हणतो, त्यात चूक काही नाही. पण आजोबा, तुमच्यापुरता हा फरक कामाचा आहे. नीव हे नाव तुम्हाला झाकायचं आहे का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. मग तुम्हाला हवं आहे ते लाडाचं नाव.

(जाता जाता सूनबाईंना हेही सांगा, की एकवचनात ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं आणि अनेकवचनात ‘नावं ठेवणं’ म्हणजे निंदा. पुण्यात दुसरं आधी कानावर पडेल.)

आता नाव चुकतं का, ते पाहू. बालवाडीतल्या बाईंवर रागावू नका. त्या मराठी डोळ्याने अगदी बरोबर वाचताहेत. आपण म्हात्रे, म्हस्के ही आडनावं रोमनमध्ये एम-एच घालूनच लिहितो. भोसल्यांचा भ बी-एचने लिहितो. आपल्या लेखी एच म्हणजे आधीच्या अक्षराला दिलेली फुंकर. त्यामुळे शेवटी एम-एच दिसलं की म्हैस, म्हातारी यांतला म्हच आठवणार. आयरिश भाषेत मात्र हा एच उलटं काम करतो. तो आधीच्या व्यंजनाला मऊ करतो आणि ब काय, म काय, मऊ होऊन व होऊन बसतात. म्हणून एन-आय-ए-एम-एच म्हणजे नीव. कुणी कुणी त्याला थोडं सैल सोडून ‘नीअव’ असंही म्हणतात. शिवॉन नावाची एखादी बाई तुमच्याकडे पाहुणी आली, तर तिचं नाव वाचून आपण तिला बेधडक ‘सिओभान’ म्हणू, कारण तिच्या नावातला व बी-एचने लिहितात. जुन्या आयरिश लिपीत हा मऊपणा अक्षराच्या डोक्यावर टिंब देऊन दाखवत. पुढे टिंब गेलं आणि एच आला. टिंब राहिलं असतं तर आपण त्याला अनुस्वार समजलो असतो, म्हणजे सुटका तेव्हाही नव्हतीच.

तेव्हा गडबड नावात नाही, लिपीत आहे. नीव म्हणताना मराठी जिभेला काय जड आहे? जीव, कीव, शीव आपण रोज म्हणतो. युर्गन नावाच्या जर्मन माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्या नावातला पहिला स्वर मराठीत नाहीच. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला जात होते तेव्हा तो स्वर काढता काढता माझे ओठ दुखायचे. झोई नावाच्या मुलीचंही आपल्याकडे बरं चालतं, कारण ओच्या आधी आपला झ दंत्य असतो, झोपेतला, झोळीतला. पण झीनाची पंचाईत होते. ईच्या आधी आपला झ आपोआप तालव्य होतो, झीज शब्दातल्यासारखा, आणि तो सुधारायला गेलं की जीभ अडखळते. नीवच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. तिचं नाव देवनागरीत लिहा. डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर, दप्तरावर, शाळेच्या अर्जात रोमन नावाच्या शेजारी. आधार काढाल तेव्हा मराठी नाव डोळ्यांखालून घाला. यंत्राने रोमनवरून ते तयार केलं, तर तेही बालवाडीतल्या बाईंसारखंच वाचेल.

व्हॅनच्या काकांच्या हातात नावांची यादी आहे, तिच्यातही नीव असं मराठीत लिहून द्या. नाहीतर ‘नियम आली का?’ हे रोज सकाळी साडेआठला ऐकायची तयारी ठेवा.

आता लाडाचं नाव. मराठीची पद्धत साधी आहे. नावाचा पहिला तुकडा घ्यायचा आणि त्याला ऊ, ई किंवा या लावायचा. विनायकचा विनू होतो, भांडण झालं की विन्या होतो. सुमतीची सुमी होते. त्या हिशेबाने तुमच्यापुढे निवू, निवी, निवुली अशी नावं आहेत.

यांतल्या निवीबद्दल सावध करते. संस्कृत काव्यात नीवी म्हणजे कमरेच्या वस्त्राची गाठ, आणि कवी ती कोणत्या प्रसंगी आणतात हे सदाशिव पेठेतल्या एखाद्या निवृत्त संस्कृतच्या बाई तुम्हाला चारचौघांत सांगतील. उलट कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नीवी म्हणजे जमेतून खर्च वजा जाता उरलेली शिल्लक. बँकेतल्या आजोबांच्या नातीला याहून चपखल नाव मिळायचं नाही, पण काव्य वाचणारे जास्त आणि अर्थशास्त्र वाचणारे कमी, म्हणून तो मोह सोडा.

माझं मत निवूला. त्याच्याशेजारी आपलं ‘निवणं’ आहे. दूध निवतं, राग निवतो, बऱ्याच दिवसांनी माणूस दिसलं की डोळे निवतात. आयरिश नीवशी या क्रियापदाचा काही संबंध नाही, नुसता आवाज जुळतो; पण लाडाच्या नावाला तेवढं पुरतं. हिंदीभाषक शेजारी मूळ नाव ऐकून ‘नींव? म्हणजे पाया?’ असं विचारतील. विचारू द्या, पाया हा काही वाईट अर्थ नव्हे.

एक सल्ला तुम्हाला मिळेल, बहुतेक मिळालाही असेल: नावाचा अर्थ तेज ना, मग सरळ प्रभा म्हणा, दीप्ती म्हणा. अर्थ खरा आहे. जुन्या आयरिशमध्ये या शब्दाचा अर्थ झळाळी, तेज असाच आहे. पण हे लाडाचं नाव नव्हे, हे नाव बदलणं झालं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नव्या नवरीचं नाव लिहायचं, हा उद्योग आपण पिढ्यान्‌पिढ्या केला. माहेरची यमुना सासरी आनंदी झाली, त्याच नावाने 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली आणि 1887 मध्ये पुण्यात वारली. जोशांच्या घरातली यमुना आज किती जणांना ठाऊक आहे? सूनबाईंचं नाव तुम्ही बदललं नाहीत, मग नातीचं तरी कशाला?

शिवाय या नावाला गोष्ट आहे. सोनेरी केसांची नीव ही चिरतारुण्याच्या देशाची राजकन्या. ती पांढऱ्या घोड्यावरून येऊन उशीन नावाच्या वीराला आपल्या देशात घेऊन जाते. तिथे तीन वर्षं राहिलो असं त्याला वाटतं आणि परत येऊन पाहतो तो इथे तीनशे वर्षं उलटलेली. आपल्याकडे रेवतीला घेऊन तिचा बाप ब्रह्मदेवाकडे स्थळाची चौकशी करायला गेला आणि परत येईपर्यंत युगं लोटली, तशीच ही. रात्री झोपताना एक गोष्ट आईने सांगावी आणि एक तुम्ही.

चुकीच्या उच्चाराची फार धास्तीही घेऊ नका. परक्या नावांना आपल्या तोंडात बसवणं हे जुनं काम आहे. ग्रीक प्लेटो अरबीत गेला, अरबीत प नाही, म्हणून त्याचा अफलातून झाला. तो फारसीतून फिरत आपल्याकडे आला आणि आता मिसळ चांगली झाली तरी ती अफलातून असते. माक्स म्युलरने ऋग्वेदाच्या आवृत्तीवर स्वतःचं नाव संस्कृतात ‘मोक्षमूलरभट्ट’ असं घातलं, आणि ऑक्सफर्डचं भाषांतर केलं ‘गोतीर्थ’. 1885 मध्ये ज्या गव्हर्नरच्या नावाने कॉलेज निघालं त्याला त्याच्या देशात फर्गसन म्हणतात. पुण्यात फर्ग्युसन म्हणतात, आणि इथे कुणी फर्गसन म्हटलं तर रिक्षावाला विचारेल, ‘‘हे कुठं आलं?’’ अर्थात गव्हर्नरला बालवाडीत हजेरी द्यायची नव्हती, त्यामुळे त्याचं चालून गेलं. चार वर्षांच्या मुलीचं नाव चालवून घेऊ नये.

लाडाचं नाव जिभेवर रुळलं की ते मूळ नावाला खाऊन टाकतं, तेवढं मात्र लक्षात असू द्या. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात बाळ म्हणायचे, तेच जगाने उचललं आणि ‘बाळ गंगाधर’ झालं. म्हणून निवू घरात ठेवा. शाळेत, दवाखान्यात, सोसायटीच्या फाटकावर नीवच सांगा.

शेवटी थोडं मुद्रितशोधनाचं, ती माझी सवय आहे. नीव लिहिताना नी दीर्घ, निवू लिहिताना नि ऱ्हस्व. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर दीर्घ असलं की आधीचा इकार ऱ्हस्व होतो, जसं विळी, किडा. विभक्ती लावताना मात्र जीवचं ‘जिवाला’ होतं तसं तिचं ‘निवाला’ करू नका. विशेषनाम आहे, शीतलला म्हणतो तसं नीवला, नीवची, नीवकडे.