विचारा, सांगतो: हेड घासू का?

प्रश्न: दादा, मी मिशिगनला असतो. १९६९ ची शेवरले कॅमारो झेड/२८ गाडी घेतलीय, एनएचआरएच्या (अमेरिकेत ड्रॅग रेस घेणारी संस्था) स्टॉक वर्गात, म्हणजे जवळपास कारखान्यातून आली तशा गाड्यांच्या वर्गात पळवायचीय. इंजिनच्या हेडचे (सिलिंडरवरचं झाकण) पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटा, जरासे घासले तर कुणाला कळणार?

उत्तर: कळणार! हेड उतरवून पोर्टमध्ये ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेली काचेची नळी) द्रव सोडतात, किती सीसी मावतो ते मोजतात. घासणं, पॉलिश, ॲसिडने खाणं, स्टॉकमध्ये सगळं बंद. घासायची खाज असेल तर सुपर स्टॉक या जास्त मोकळीक असलेल्या वर्गात जा. खिसाही तिथेच घासला जाईल. आधी हेड या गाडीचंच आहे का ते बघा: व्हॉल्व्ह कव्हर (हेडवरचं पत्र्याचं झाकण) काढून चिंधीने तेल पुसा. कास्टिंग नंबर (ओतकामातच उठवलेला क्रमांक) ३९२७१८६ दिसला तर उत्तम. हेडच्या टोकाला दोन वशिंडांसारखा उंचवटा असतो, पण तेवढ्यावर भुलू नका. तो शेवरलेच्या इतर हेडांवरही असतो. मी त्यालाच भुलून चुकीची जोडी घेतली होती, अजून गॅरेजात पडलीय.