'बंद ड्रायव्हर' की 'बंदिस्त ड्रायव्हर'?

प्रश्न असा आला आहे : लिनक्ससारख्या ओपन सोर्स (ज्याचा मूळ कोड, म्हणजे स्रोत, कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा) प्रणालीत क्लोज्ड सोर्स (स्रोत न देणारे) ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासारखे भाग चालवणारे प्रोग्राम, असावेत की नसावेत, या वादावर मराठीत लिहायचे आहे. 'बंद ड्रायव्हर' म्हटले तर चालेल का? आणि 'ब्लॉब'ला, म्हणजे स्रोताशिवाय नुसत्या तयार स्वरूपात मिळणाऱ्या कोडला, काय म्हणावे?

'बंद' नको. मराठीत पंखा बंद असतो, दुकान बंद असते, गाडी बंद पडते. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीबद्दल 'एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर' असे वाचून कोणालाही तो चालत नाही असेच वाटेल. तो चांगला चालतो म्हणून तर लोक घेतात, आणि म्हणूनच वाद आहे. 'बंदिस्त' योग्य. बंदिस्त गटार वाहत असते, पण आत काय चालले आहे ते वरून दिसत नाही. ड्रायव्हरबद्दल हेच सांगायचे आहे.

'मालकीचा ड्रायव्हर' असेही काही जण लिहितात. मला ते मुळीच पटत नाही. लिनक्सच्या कर्नललाही (प्रणालीच्या गाभ्यालाही) मालक आहेत : लिहिणाऱ्या हजारो जणांचा (किंवा त्यांच्या कंपन्यांचा) आपापल्या भागावर कॉपीराइट आहे आणि जीपीएल हा परवाना त्या कॉपीराइटच्याच बळावर लागू होतो. प्रश्न मालकी कोणाची हा नाही, स्रोत पाहू आणि बदलू देता की नाही हा आहे. पैशांचाही नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वर्षानुवर्षे मोफत मिळत होता, तरी २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या कंपनीच्या असहकारावर जाहीर आणि अत्यंत कडक शब्दांत टीका केली.

'ब्लॉब' मी तसाच ठेवीन. 'गोळा' म्हटले तर नुसता आकार कळतो, स्रोत मिळत नाही हे कळत नाही. मात्र 'ब्लॉब' लिहिताना तो कुठे चालतो हे सांगायलाच हवे. या वादावरच्या मराठी लेखनात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ड्रायव्हर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, बहुतेकदा कर्नलच्या आत चालतो. फर्मवेअर वाय-फाय चिप किंवा ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालते. ओपनबीएसडी या दुसऱ्या ओपन सोर्स प्रणालीवाले बंदिस्त ड्रायव्हर कटाक्षाने नाकारतात, पण वाटण्याची परवानगी असलेले फर्मवेअर त्यांना चालते. लिनक्स-लिब्रे या कर्नलमधून तेही काढून टाकलेले असते. डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीने २०११ च्या आवृत्तीत कर्नलमधून मुक्त नसलेले फर्मवेअर वेगळे काढले. पुढे २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून ते इन्स्टॉलरमध्ये द्यायचे ठरवले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागले. कारण साधे होते : वाय-फायचे फर्मवेअर नसेल तर ते उतरवून घ्यायला लागणारे नेटच मिळत नाही. हे सगळे 'बंदिस्त ड्रायव्हर' या एकाच नावाखाली लिहिले, तर डेबियनने बंदिस्त ड्रायव्हरला दार उघडले असा चुकीचा समज होतो.

मे २०२२ मध्ये 'एनव्हिडियाने ड्रायव्हर खुला केला' असे म्हटले गेले, तेही अर्धेच खरे. कर्नलमध्ये चालणाऱ्या मॉड्यूलचा, म्हणजे ड्रायव्हरच्या तेवढ्याच भागाचा, स्रोत दिला, तोही ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. कार्डावरचे फर्मवेअर आणि कर्नलबाहेरचा ग्राफिक्सचा मोठा भाग बंदिस्तच राहिला. तिथे 'कर्नल मॉड्यूल खुले केले' एवढेच लिहावे.

प्रश्नात नसलेला एक शब्द, पण या विषयावर लिहिताना तो लागेलच. बंदिस्त मॉड्यूल चढवले की लिनक्स कर्नल 'टेंटेड' अशी नोंद करतो. त्यानंतरच्या बिघाडाची तक्रार कर्नलवाले सहसा हाती घेत नाहीत, कारण न दिसणाऱ्या कोडमधली चूक ते शोधू शकत नाहीत. याला 'बाटलेला' किंवा 'विटाळलेला' कर्नल कृपया म्हणू नका. त्या शब्दांनी आपल्याकडे माणसांना दूर ठेवले आहे, आणि इथे शुद्धाशुद्धतेचा काही संबंधही नाही. 'डागी' म्हणा, कापडावर किंवा फळावर डाग आहे हे घेणाऱ्याला आधीच कळावे, एवढाच त्या नोंदीचा हेतू आहे.