कुरणाचं काम नव्यानेच हाती आलंय? आधी तण बघा

जंगलातून बाहेर हलवलेल्या (पुनर्वसित) गावाच्या जुन्या शेतांवर हरणांसाठी कुरण करायचं म्हटलं की सगळे आधी बियाणं शोधायला धावतात. सुरुवातीची वर्षं खरी लढाई तरोटा आणि रानतुळस या तणांशी असते. पावसाळ्यात जमीन ओली असताना, फुलावर यायच्या आत, मुळासकट उपटा. नुसता विळा फिरवलात तर खालून पुन्हा फुटतं, आणि बी धरल्यावर उपटून तिथेच टाकलंत तर तुम्हीच पेरणी केली समजा. घाणेरी असेल तर मुख्य मूळ जमिनीखाली तोडून झुडूप उलटं ठेवा. वरवर छाटली की ती आणखी दाट होते.

गवत स्थानिकच हवं. मारवेल, पवना, डोंगरी यांचं बी पिकलं की जवळच्या चांगल्या कुरणातून गोळा करा; थोडं तिथेही राहू द्या. सुबाभूळ बाहेरून आलेलं झाड; ते लावा म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

नवख्यांच्या नेहमीच्या दोन चुका:

- सगळं सपाट साफ करणं. चितळ उघड्यावर चरतं, पण लपायला झाडोरा जवळ लागतो. बोर, बेल, आवळा, मोह राखाच. उन्हाळ्यात गवत वाळलं की मोहाची फुलं आणि पडलेली फळंच कामी येतात.
- पहिल्याच वर्षी कळप मोजत बसणं.

पाणवठे, जाळपट्ट्या (वणवा अडवायला गवत जाळून मोकळे ठेवलेले पट्टे) नंतर बघू. सध्या एकच छोटा तुकडा घ्या आणि मजुरांशी आत्ताच बोलून ठेवा; भाताची रोवणी सुरू झाली की माणूस सापडत नाही.